वगाला मंच कोण देणार?

१४ डिसेंबर, मिरजोळे
रात्री नमन मंडळाची तालीम. गण, गौळण नेहमीचंच. वग मात्र कोरा. लिहिणारा आमच्याच वाडीतला, एमआयडीसीत पाळीवर जाणारा मुलगा. चाली त्याच्या चुलतभावाच्या. विषय नाटककार हिराबाई पेडणेकर. पेटीवर मी होतो. एका पदात ओळ पुरी व्हायच्या आत मृदुंग थांबतो आणि उरलेली दोन अक्षरं झीलकरी वरच्या पट्टीत उचलतात. हिराबाई मुंबई सोडते ते हे पद. मी पेटीवर सूर भरायला गेलो, तर चुलतभाऊ म्हणाला, "काका, तिथं पेटी नको. मोकळंच ऱ्हाऊ दे." त्याचं बरोबर होतं. चाल बांधणाऱ्याला जागा कुठे सोडायची ते कळलं पाहिजे, आणि या मुलाला ते कुणी शिकवलेलं नाही.

१७ डिसेंबर
हिराबाई सावंतवाडीची, कलावंतिणीच्या घरातली. तिचं 'जयद्रथ विडंबन' हे नाटक १९०४ चं, 'संगीत दामिनी' १९१२ चं. दामिनी केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीनं रंगभूमीवर आणलं. एका बाईनं लिहिलेलं संगीत नाटक व्यावसायिक मंडळी करते, ही त्या काळी केवढी गोष्ट! पुढे ती आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागरजवळ पालशेतला येऊन राहिली आणि १९५१ साली तिथेच गेली. लेखणी तिच्याकडे होती, गळाही होता. तरी दामिनीनंतर तिचं नवं नाटक रंगभूमीवर आलं नाही. मला याचा राग येतो. कलावंतिणींच्या ज्या समाजानं या रंगभूमीला गाणं पुरवलं, त्यातल्या बाईनं 'नाटककार' म्हणून उभं राहायचं तर एखादा केशवराव भेटावा लागतो. न भेटलेल्यांचं काय झालं असेल?

२२ डिसेंबर
आज शहरात एका जाणत्या गृहस्थांशी वाद झाला. त्यांचं म्हणणं, नमनाचा वग म्हणजे संगीत नाटक नव्हे. मला पटलं नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' उभं केलं तेव्हा साकी, दिंडी, लावणी, कानडी चाली असं सगळंच जवळ घेतलं होतं. राग-बंदिशींचा पक्का साज पुढे चढत गेला. सत्यशोधक जलसे, मग आंबेडकरी जलसे हेही गाण्यातून उभं राहिलेलं नाट्यच होतं. भीमराव कर्डकांनी ते गावोगाव नेलं. आमच्या रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी अस्पृश्यतेवर 'संगीत उःशाप' लिहिलं, १९२७ साली. त्यांच्याच नावाच्या नाट्यगृहात राज्य संगीत नाट्य स्पर्धेचे प्रयोग होतात. खल्वायनसारख्या संस्थेनं इथे संगीत नाटक जिवंत ठेवलं, त्याचं ऋण मी मानतोच. पण जाखडीतल्या शक्ती-तुऱ्याचा कवी त्या मंचावर कधी येणार?

२९ डिसेंबर
बाहेर ऑपेऱ्यातही हेच दुखणं. स्कॉट जोप्लिन या कृष्णवर्णीय संगीतकारानं 'ट्रीमोनिशा' १९११ मध्ये पदरच्या पैशानं छापला. पुरा प्रयोग झाला १९७२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ५५ वर्षांनी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेऱ्यात १९०३ साली एथेल स्मिथ या बाईंचा ऑपेरा झाला. दुसऱ्या बाईची पाळी आली थेट २०१६ ला. तिथेच कृष्णवर्णीय संगीतकाराचा पहिला ऑपेरा २०२१ मध्ये आला, टेरेन्स ब्लँचर्डचा. संहिता केसी लेमन्सची. अलीकडे ऑपेरा अमेरिका या संस्थेनं अशा संगीतकारांना आणि संहिताकारांना वेगळं अनुदान दिलं आहे. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: पैसा काम लिहून होण्याआधी हातात पडतो. आपल्याकडे स्पर्धेचं बक्षीस मागाहून मिळतं. तोवर वादकांची बिदागी, पोशाख, टेम्पोचं भाडं कुणी भागवायचं? पाळी बुडवून तालीम करणाऱ्या मुलाला हाच प्रश्न आधी पडतो.

४ जानेवारी
वगाला मंच मिळावा म्हणून करायच्या अर्जाचा मसुदा रात्री मंडळात वाचून दाखवला. मागणी साधी ठेवली आहे. जलसा, नमन, जाखडी, दशावतार यांतून आलेल्यांसाठी नव्या संगीत नाटकाची वेगळी स्पर्धा हवी. लेखक आणि चाल बांधणारा जोडीनं निवडावा. पहिल्या दोन प्रवेशांवर निवड करून तालमीचा खर्च आगाऊ द्यावा. परीक्षकांत एक तरी शाहीर असावा. वग लिहिणाऱ्या मुलानं त्यात एक कलम घालायला लावलं: निवडलेल्या नाटकाचा निदान एक प्रयोग लिहिणाऱ्याच्या गावात, पटांगणात व्हावा. ते मी घातलं. उद्या सह्या.