जुना सेट उघडताना

वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला अँप्लिफायर खाली आला की घरातल्या सगळ्यांना एकच घाई असते: प्लग लावून बघू, वाजतो का. मी तो लावू देत नाही. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा थर असतो, आणि तोच इन्सुलेशनचं काम करतो. विजेविना तो हळूहळू विरत जातो. अशा कंडेन्सरवर एकदम पूर्ण दाब आला तर तो शॉर्ट होतो आणि जाता जाता ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. कंडेन्सर पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो. ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून देणारा कारागीर मात्र शोधावा लागतो. म्हणून आधी सिरीज बोर्ड. सेटच्या वाटेत ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब जोडायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि सेट वाचतो. क्षणभर पेटून मंद झाला की जीव भांड्यात पडतो. एलईडीचा बल्ब इथे उपयोगाचा नाही, त्यामुळे तारेचे बल्ब मी जपून ठेवते.

माझ्याकडे येणारे बहुतेक सेट १९७० च्या आगेमागचे. आयातीवर तेव्हा कडक निर्बंध होते, त्यामुळे आपल्याकडच्या दिवाणखान्यांत फिलिप्स, बुश, मर्फी, कॉस्मिक, सोनोडाइन अशी नावं दिसायची. हे सेट उघडता यावेत अशाच बेताने बांधलेले आहेत. चार स्क्रू काढले की झाकण निघतं, आणि प्रत्येक भाग डोळ्यांनी ओळखता येतो, बोटाने दाखवता येतो, एकेकटा काढता येतो. काही सेटांच्या झाकणाला आतून सर्किटचा नकाशाच चिकटवलेला सापडतो.

मग प्रश्न येतो, बदलायचं काय? हल्ली पुष्कळ जण उघडलेल्या सेटमधले सगळे कंडेन्सर सरसकट काढून नवे घालतात. मला ते पटत नाही. इलेक्ट्रोलिटिक सुकतात, ते बदलावेच. मायका आणि पॉलिस्टरचे कंडेन्सर मात्र पन्नास वर्षांनंतरही मीटरवर चोख माप देतात, त्यांना हात का लावायचा? ट्रान्झिस्टरचंही तेच. जुन्या सेटांत एसी १२८, एडी १६१ असे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असतात. ते ०.२ ते ०.३ व्होल्टला जागे होतात, सिलिकॉनला ०.६ ते ०.७ लागतात. एकाच्या जागी दुसरा ठोकला की बायसचं सगळं गणित फिरतं, आणि ते पुन्हा मांडता मांडता मूळ सर्किट नावापुरतं उरतं. बाजारात सल्ला मिळतोच, “ताई, कशाला एवढी खटपट? आत टीडीए २०३० चा बोर्ड टाकून देतो, दणदणीत वाजेल.” वाजेल, यात शंका नाही. पण मग त्या घरात राहिलेला आवाज गेला आणि त्याचं खोकं तेवढं राहिलं. ज्याला दणदणीत हवं त्याने नवा सेट घ्यावा, तो चांगलाच मिळतो.

दुरुस्ती झाली की नाही हे मी खर्जावर ओळखते. त्या काळच्या अनेक अँप्लिफायरमध्ये स्पीकरच्या आधी एक मोठा कंडेन्सर असतो. तो २००० मायक्रोफॅरडचा असेल तर ८ ओमच्या स्पीकरला साधारण १० हर्ट्झपासूनचा आवाज पोचतो. सुकून तो दहाव्या हिश्शावर आला की १०० हर्ट्झच्या खालचं सगळं झडायला लागतं. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्यात खर्जाची तार ७० हर्ट्झच्या जवळ असते. म्हणजे गाणं ऐकू येतं, शब्द ऐकू येतात, आणि ज्याच्यावर गाणं उभं असतं तेच पातळ होऊन जातं. डग्ग्याचा घुमारा जातो, नुसती थाप उरते. घरातल्यांना वाटतं, रेकॉर्ड झिजली. एक कंडेन्सर बदलल्यावर तीच रेकॉर्ड भरून वाजते तेव्हा मला जो आनंद होतो, त्यासाठी मी हे काम करते.

रेकॉर्ड प्लेअरचा जीव गतीत असतो. इंग्लंडच्या स्विंडन गावच्या गॅरार्डचे जुने प्लेअर रबरी चाकावर चालतात. मोटरच्या शाफ्टला आणि तबकडीच्या आतल्या कडेला एकाच वेळी टेकलेलं एक छोटं चाक तबकडी फिरवतं. प्लेअर त्याच्या खटक्याने बंद न करता भिंतीवरच्या बटणाने बंद केला की ते चाक शाफ्टवर दाबून राहतं आणि त्याला खळगा पडतो. मग प्रत्येक फेऱ्याला धब् धब्. खळगा नसेल तर स्पिरिटने पुसून चाक तेच ठेवते. बेअरिंगमधलं ग्रीस मात्र मेणासारखं घट्ट झालेलं असतं, ते सगळं खरवडून काढावं लागतं.

गती तपासायला १८० रेघांची कागदी चकती पुरते. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावरचा निऑनचा दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. तबकडी बरोबर ३३⅓ ने फिरत असेल तर त्या उजेडात रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. हा काटेकोरपणा हौसेचा नव्हे. गती सहा टक्क्यांनी वाढली तर काळी एकचा षड्ज पांढरी दोनवर जाऊन बसतो. गायकाने लावलेला सूर आपण आपल्या आळसाने बदलायचा, हे मला सहन होत नाही.

७८ च्या रेकॉर्डना तर वेगळीच निगा लागते. त्यांची खाच रुंद असते, एलपीची सुई त्यात तळाशी घसरत राहते, त्यामुळे सुई वेगळी हवी. त्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एलपी पुसायच्या सवयीने कापूस स्पिरिटमध्ये बुडवला की गाणं कापसावर येतं! साधं स्वच्छ पाणी, मऊ फडकं, आणि मधला कागद कोरडा ठेवायचा. शिवाय १९५४ मध्ये रेकॉर्डिंगचं आरआयएए प्रमाण ठरलं, त्याआधीच्या रेकॉर्ड आजच्या फोनो इनपुटवर दबलेल्या वाजतात, कारण तो इनपुट वरच्या पट्टीतला आवाज वाजवीपेक्षा जास्त कापतो. जुन्या अँप्लिफायरचं ट्रेबलचं बटण अशा वेळी निःशंक फिरवावं. ते त्यासाठीच आहे. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांचं ध्वनिमुद्रित गाणं ७८ च्या रेकॉर्डवरच आहे, एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. तेवढ्यात त्यांनी जे मांडलं ते ऐकायला सुई आणि बटण दोन्ही नीट हवीत.

रात्री मी आवाज अगदी लहान ठेवून, ‘लाउडनेस’चं बटण दाबून ऐकते. आवाज लहान केला की आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. हे बटण तेवढी भर घालतं, आणि शेजाऱ्यांची झोप न मोडता तानपुरा पुरा ऐकू येतो. नव्या यंत्रांतून हे बटण बहुधा गेलंच आहे.

सेट परत देताना काढलेले भाग मी पिशवीत घालून आतच बांधते. काय बदललं, कोणत्या बिंदूवर किती व्होल्ट मिळाले, तारीख, हे सगळं कागदावर लिहून झाकणाच्या आत चिकटवते. हे मला कोणी शिकवलं नाही. एका सेटच्या चॅसिसवर पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं होतं: ‘डावा चॅनल, बायस पाहणे’. कोणा मेकॅनिकने ते कधी लिहिलं कोण जाणे. दोष तिथेच होता.