गेमचं दुकान आणि वाचनालयाचे काका

मंडळी, व्हिडिओ गेमच्या दुकानावर आपल्या स्मरणिकेत लेख? हसू नका. अमेरिकेत मुलं वाढवलेल्या कितीतरी बापांनी आपले शनिवार तिथे ताटकळत काढले आहेत. आता ही दुकानं भराभर बंद होताहेत. गेमस्टॉपनेच गेल्या काही वर्षांत शेकडो दुकानांना कुलूप लावलं. जानेवारी २०२१ मध्ये त्यांचा शेअर आभाळाला भिडला खरा, पण त्याने काउंटरवर गिऱ्हाईक आलं नाही.

दुखणं उघड आहे. गेम घरबसल्या डाऊनलोड होतो. २०२० साली प्लेस्टेशन ५ आला, तोच डिस्क न लागणारं स्वस्त मॉडेल बरोबर घेऊन. या दुकानांची खरी कमाई नव्या गेमवर नव्हे, जुन्यांच्या खरेदी-विक्रीवर. डिस्कच नसेल तर पोरं विकायला आणणार काय?

सल्ले देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, तेव्हा एक फुकटचा. डाऊनलोडला जे जमत नाही तेवढंच करा. मार्च २०२३ मध्ये निन्टेन्डोने थ्रीडीएसच्या ऑनलाइन दुकानातली विक्री थांबवली. फक्त तिथेच मिळणारे गेम आता विकत घेता येत नाहीत. कार्ट्रिज मात्र कपाटात राहते, धाकट्या भावाला देता येते. गेमबॉयच्या जुन्या पोकेमॉन कार्ट्रिजमध्ये एक चपटी बॅटरी असते. ती संपली की साठवलेला खेळ पुसला जातो. ती बदलून देणारा माणूस दुकानात हवा. आणि जुन्या गेमला जरा बरा भाव द्या हो! साठ डॉलरच्या गेमचे पाच डॉलर हातावर टेकवले, तर पोरगं परत कशाला येईल?

पुण्यात आमच्या वाचनालयाचे काका, "हे नको नेऊस, तुला झेपायचं नाही," म्हणून पुस्तक काढून घेत आणि दुसरं हातात देत. अशा माणसासाठी लोक दुकानात जातात. बार्न्स अँड नोबलची सूत्रं २०१९ मध्ये जेम्स डॉन्टकडे आली. कोणती पुस्तकं मांडायची हे त्याने त्या त्या दुकानातल्या माणसांवर सोपवलं, आणि ती साखळी पुन्हा नवी दुकानं उघडू लागली. गेमवाल्यांनी हे का करू नये?

आमच्या गावातल्या छोट्या दुकानाने थोडंफार केलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी एक जुना सोफा आणि चार कंट्रोलर. पॉटलकला आपली मुलं बेसमेंटमध्ये करतात तोच गोंधळ, फक्त अनोळखी पोरांबरोबर. आमचे चिरंजीव पाहुण्यांसमोर तोंड उघडत नसत. ते तिथे मारिओ कार्टवरून वाद घालायला शिकले. मला त्या दुकानाचं अगत्य आहे ते यासाठी.

भाडं वाढलं आणि सोफ्याने ते निघेना. सध्या काचेवर 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी आहे. चिरंजीवांना फोनवर सांगितलं, तर डॉर्ममधून जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाले, "बाबा, माझा गेमक्यूब टाकून नाही ना दिलास?"