मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका

"डॉक्टर, अमेरिकेला जाऊ ना?" मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या आया हा प्रश्न दवाखान्यात नेहमी विचारतात. सोबत तिकीट असतं. त्यावर लिहिलेलं असतं : रात्री दीडला मुंबई, सकाळी साडेसातला न्यूयॉर्क. वाटतं, सहाच तास!

पण उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. म्हणजे थेट विमान असूनही तुम्ही साडेपंधरा तास बसून असता. सरळ हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. येताना अंतर तेवढंच, पण उंचावरचे पश्चिमेकडून वाहणारे वारे पाठीशी असल्याने प्रवास तासा-दीड तासाने कमी होतो.

मी मात्र वेगळा हिशोब मांडतो. नाशिकहून मुंबई विमानतळ चार तास, तिथे तीन तास, मग विमान, उतरल्यावर रांग आणि पुन्हा मोटार. एकूण चोवीस तास, त्यातले बहुतेक पाय खाली सोडून बसलेले. शिवाय विमानातल्या हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा, म्हणजे तुम्ही कळसूबाईच्या शिखराहूनही उंच बसलेले असता. हवाही फार कोरडी.

पोटरीचे स्नायू हलले की ते रक्त वर ढकलतात. ते तासन्‌तास स्वस्थ राहिले की रक्त साकळून गुठळी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार चार तासांहून लांबच्या प्रवासात हा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही तो साधारण सहा हजारांत एकाला, म्हणून घाबरू नका. मात्र लठ्ठपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, कॅन्सर, हार्मोनच्या गोळ्या किंवा पूर्वी झालेली गुठळी असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा.

माझ्या एक पेशंट खिडकीशी बसल्या होत्या. शेजारच्यांना उठवायचा संकोच, म्हणून पाणीही प्यायल्या नाहीत. परतल्यावर डावी पोटरी सुजली. पाय मुरगळला असेल म्हणून घरच्यांनी तेल लावून चोळली. चौथ्या दिवशी धाप लागली, तेव्हा माझ्याकडे आणलं. गुठळी सुटून फुप्फुसात गेली होती. वेळेत उपचार मिळाले, त्या वाचल्या.

म्हणून एवढं लक्षात ठेवा :

कडेची जागा मागा. तासाभराने उठून चार पावलं चाला. बसल्या जागी पावलं वरखाली करा. पाणी प्या, दारू टाळा. घट्ट मोजे किंवा ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नका. औषधं आणि इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठू शकतं. पश्चिमेला जाताना तुमचा दिवस लांबतो, येताना आखूड होतो. तेव्हा तिकीट दाखवून डोसचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आणि प्रवासानंतर महिना-दोन महिन्यांत एकच पाय सुजला, दुखला, तर चोळू नका. त्याच दिवशी दाखवा. धाप किंवा छातीत दुखणं असेल, तर थेट रुग्णालय गाठा.

जरूर जा, नातवंडाला मांडीवर घ्या. फक्त शेजाऱ्याला उठवायला लाजू नका.