आढीतले आंबे

भाचा अमेरिकेतून आला, की आमच्या घरातली घड्याळे बिघडतात. जूनच्या अखेरीस एका पहाटे पाचला मी पाणी भरायला उठलो, तर स्वारी बाहेरच्या खोलीत मोबाइल समोर धरून बसलेली!

"काय रे, इतक्या पहाटे?"

"हॉकी, मामा. बर्फावरची."

मी डोकावलो. ना बर्फ दिसत होता, ना हॉकी. मोठ्या सभागृहात नवे कोरे सूट घातलेली अठरा वर्षांची पोरे आईवडिलांजवळ बसली होती. एकेकाचे नाव पुकारले जाई. मग आई डोळे पुसे, बाप पाठीवर थाप मारी, आणि पोरगा व्यासपीठावर जाऊन आपल्या नव्या संघाचा सदरा अंगावर चढवी. अमेरिका-कॅनडातल्या 'नॅशनल हॉकी लीग'च्या संघांनी होतकरू मुले निवडून घेण्याचा तो वार्षिक सोहळा होता.

"चला, पोरगं मार्गी लागलं!" मी म्हणालो. आमची मध्यमवर्गीय नजर नेमणुकीच्या कागदापलीकडे जात नाही.

भाचा हसला. "मामा, यातली बरीच मुलं अजून दोन-तीन वर्षं मोठ्या संघात दिसायचीसुद्धा नाहीत. काही तर कधीच दिसणार नाहीत."

तो डेट्रॉइटजवळ राहतो. तिथल्या 'रेड विंग्ज' संघाचा विषय निघाला, की त्याच्या अंगात येते. चहा होईपर्यंत त्याने मला पावेल दात्सुकची गोष्ट ऐकवली. हा रशियन पोरगा अंगापिंडाने लहान, म्हणून कोणाच्या डोळ्यांत भरला नव्हता. डेट्रॉइटचा पारखी हाकान आंदेरसन दुसऱ्याच एका खेळाडूला पाहायला गेला होता. त्याच्या नजरेत हा भरला. 1998 साली दात्सुकची निवड झाली ती 171व्या क्रमांकावर. पुढच्या वर्षी हेन्रिक झेटरबर्ग नावाचा स्वीडिश मुलगा 210वा. संघाने दोघांनाही घाईने आणले नाही. दोघे आपापल्या देशात खेळत राहिले, तयार होत राहिले. दात्सुक 2001 साली आला आणि पहिल्याच मोसमात संघाने स्टॅन्ले कप जिंकला. झेटरबर्ग 2002 साली आला. 2008 मध्ये पुन्हा कप आला, तेव्हा बाद फेऱ्यांतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. दात्सुकला तर 2024 साली हॉकीच्या मानकऱ्यांच्या दालनात स्थान मिळाले.

"आमच्याकडे म्हणतात, मुलाला पुरता पिकू द्यावा. जरा जास्तच पिकला तरी चालेल."

आमच्या पलंगाखाली त्या वेळी मोसमातली शेवटची आढी होती. मला ते एकदम पटले. तरी मास्तरकीची खोड जाते थोडीच! मी शंका काढली, "सगळ्यांनाच का असं थांबावं लागतं?"

"छे! सिडनी क्रॉस्बी 2005 साली अठराव्या वर्षीच मोठ्या संघात उतरला आणि गाजला. आणि थांबूनही काही जणांचं काहीच होत नाही. आमचा संघ सलग पंचवीस मोसम बाद फेरीत पोचत होता. 2016 नंतर तीही मालिका तुटली."

म्हणजे धीर हा काही ताईत नव्हे. मग मी सहज विचारले, "पण ही दोन-तीन वर्षं संघ करतो काय? नुसती वाट पाहतो?"

"नुसती वाट कशी पाहील, मामा? संघाची माणसं त्या मुलाचे सामने पाहायला जातात. चित्रफीत समोर ठेवून चुका दाखवतात. स्केटिंगची ढब सुधारून घेतात, उन्हाळ्यात शिबिराला बोलावतात. मुलानं रोज राबायचं आणि यांनी रोज पाहायचं."

चहाचा घोट माझ्या घशात अडकला.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी कॉलेजच्या वार्षिकाचे काम पाहत असे. पहिल्या वर्षाचा एक मुलगा तीन कथा घेऊन आला होता. कच्च्या होत्या, पण एका कथेतली म्हातारी मला अजून आठवते. मी मोठ्या पोक्तपणे सांगितले, "घाई करू नका. अजून वाचा. दोन वर्षांनी या." तो मान डोलावून गेला. पुन्हा आला नाही. घरी मी फुशारकीने म्हणालोही होतो, की हल्लीच्या मुलांना धीर म्हणून नाही! पण काय वाचावे, हे मी त्याला सांगितले नव्हते. म्हातारी चांगली उतरली आहे, एवढे चार शब्दही बोललो नव्हतो. धीर सगळा त्याने धरायचा होता. मी फक्त हात झटकले होते आणि त्यालाच संयम असे भारदस्त नाव दिले होते.

या जुलैत पहिल्या वर्षाची एक मुलगी कथा घेऊन आली. कथा कच्चीच आहे. छापणार नाही, असे मी तिला स्पष्ट सांगितले आणि त्यापाठोपाठ म्हणालो, "शनिवारी दोन वाजता या. पहिलं पान आपण दोघं मिळून पाहू." आतापर्यंत तिने ते पान सात वेळा लिहिले आहे. मीही एक शनिवार चुकवलेला नाही. ती पुढे लेखिका होईल का, मला ठाऊक नाही.

आढी लावली म्हणजे काम संपत नाही, असे माझी आई म्हणे. रोज गवत बाजूला सारून एकेक फळ हाताने चाचपावे लागते. ते काम घरात नेहमी तीच करी. आम्ही मात्र फक्त "पिकले का?" एवढेच विचारीत असू.