शेवटून पहिला

१४ जून २०२५, शनिवार

अकरावीची यादी लागेना आणि पाऊस उघडेना, म्हणून भाचा चार दिवस माझ्याकडे राहायला आलाय. माझ्या लॅपटॉपवर 'टूम रेडर' ह्या व्हिडिओगेमच्या चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या भागाचा नवा संच त्याला दिसला. फेब्रुवारीत आलेला, घेऊन ठेवलेला, उघडलेला नाही. जेवताना विचारतो, "मावशी, ह्यातला सगळ्यात भंगार कुठला गं?"

"एंजल ऑफ डार्कनेस." वरण वाढता वाढता मी निकाल देऊन टाकला.

"पूर्ण खेळलीयेस?"

नव्हते. २००३ साली पाच-सहा तास खेळून सीडी परत केली होती, आणि गेली बावीस वर्षं तोच निकाल लोकांना ऐकवत आलेय. टेस्टिंगमध्ये केस पिकवलेल्या बाईला हे शोभत नाही. स्वतः चालवून बघितल्याशिवाय बग लिहू नका, असं मी रोज पोरांच्या कानी-कपाळी ओरडते.

तर ठरलं. मनातून उतरलेले तीन भाग पुन्हा खेळायचे: तिसरा, पाचवा, सहावा. मग निकाल, तोही लेखी. माझं चुकलं तर भाच्याला मिसळ.

१५ जून, रविवार

तिसऱ्यापासून सुरुवात. १९९८ चा हा भाग ताईचा सगळ्यात नावडता, आणि माझ्यावर तिच्याच मताचा पगडा असणार.

तेव्हा आम्ही डोंबिवलीत. बाबांनी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवून घेतलेला कॉम्प्युटर, आणि त्यापुढे एका स्टुलावर आम्ही दोघी. बाणांची बटणं ताईकडे, आल्ट आणि कंट्रोल माझ्याकडे. खेळाची नायिका लारा, तिला पळवायची ताई. उडी मारायला लावायचं आणि कडा पकडायला लावायचं काम माझं. लारा दरीत पडली की "तू उशिरा दाबलंस" आणि "तूच वाकडी वळवलीस" हा वाद आईच्या आवाजापर्यंत चालायचा.

पण एक होतं, पडण्याचं कारण नेहमी सापडायचं. त्या जुन्या खेळांचं सगळं जग सारख्या मापाच्या चौकोनांत कापलेलं होतं. कड्याच्या टोकाशी उभं राहायचं, एक उडी मागे घ्यायची, की धावायला नेमकी तेवढीच जागा मिळे. मग पळ, उडी, पकड. समोरची कडा किती चौकोन लांब आहे ते मोजलं की पोचणार की मरणार हे आधीच कळायचं. फरशीवर लंगडी खेळलेल्या मुलींना हे शिकवावं लागलं नाही.

तिसऱ्या भागाने हा करार मोडला. सुरुवातच भारतातल्या जंगलात एका घसरड्या उतारावर होते आणि वाटेत टोकदार खुंट. खाली गेल्यावर पानांआड काय आहे दिसत नाही, गिळणारा चिखल साध्या चिखलासारखाच दिसतो, धोंडे पाठीमागून येतात. आधी मरायचं, मग कळायचं. आज तासाभरात मी अकरा वेळा मेले. भाचा मोजत होता.

आणि हा भारत! ह्यात भारतीय माणूस कुठे भेटत नाही. वाघ, गिधाडं, जमिनीवर पडलेल्या औषधाच्या पेट्या पळवणारी माकडं, आणि पाण्यात चक्क पिरान्हा मासे. दक्षिण अमेरिकेतले मासे इथे पोहत आले असावेत. देवळाच्या अवशेषांत सहा हातांच्या शिवमूर्ती जिवंत होऊन सहाही हातांनी तलवारी चालवतात. लहानपणी त्यांची भीती वाटायची, आज वाटलं की वेरूळला जाऊन आलेला एकही माणूस ह्या लोकांच्या ओळखीचा नव्हता. त्यानंतर गंगा, आणि गंगेनंतर नागांनी भरलेली 'कालियाची गुहा'. कालिया यमुनेच्या डोहातला, हे आमच्या आजीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पोथी बाजूला ठेवून, चष्मा वर करून, स्क्रीनकडे बघून ती म्हणाली होती, "नदी चुकली ह्यांची."

१७ जून, मंगळवार

कामावरून येऊन दोन तास. लंडनमधलं बंद पडलेलं ऑल्डविच स्टेशन, मग नेवाडाचं वाळवंट. नेवाडाच्या मध्यावर लाराला पकडतात आणि जमवलेली सगळी हत्यारं काढून घेतात. भारतानंतर लंडन, नेवाडा, दक्षिण पॅसिफिक कुठल्याही क्रमाने खेळता येतं, त्यामुळे नेवाडा मागे ठेवणाऱ्याचं नुकसान जास्त. आम्ही तेव्हा मागे ठेवला होता. ताईच्या रागाचं मूळ सापडलं.

तरीही तिसरा तळाचा नाही. क्रूर आहे, पण करणाऱ्यांना मजा येत होती हे दिसतं. गंगाकाठी चारचाकी मोटरसायकल दरीवरून उडवताना भाचा खुर्चीतून उठून उभा राहिला. पाचव्या भागात कुणी उठतं का बघू.

२० जून, शुक्रवार

आज पालख्या पुण्यात. रस्ते बंद, म्हणून घरूनच काम. संध्याकाळी पाचव्याआधी सहावाच, 'एंजल ऑफ डार्कनेस', उघडला.

पॅरिस, पावसाळी रात्र. लाराचा जुना गुरू फॉन क्रॉय ह्याचा त्याच्याच घरात खून होतो, आळ लारावर येतो आणि ती मागच्या गल्ल्यांतून पळत सुटते. सुरुवात झकास आहे. संगीत लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवलेलं, त्यात पैसा आणि जीव दोन्ही ओतलेले ऐकू येतात. आणि मग तुम्ही लाराला पहिलं पाऊल टाकायला लावता.

ते पडत नाही. म्हणजे पडतं, पण बटण दाबल्यावर ती आधी विचार करते, मग वळते, वळताना अर्धं वर्तुळ फिरते आणि तोवर गच्चीची कड निघून गेलेली असते. नव्या संचात हे पुष्कळ सुधारलंय, म्हणून मी मुद्दाम जुनी पद्धत लावून खेळले. चौकोनांचा हिशोब इथे संपलेला आहे. लटकल्यावर हातातली ताकद दाखवणारी पट्टी भराभर उतरते आणि पट्टी संपली की हात सुटतात. कल्पना वाईट नाही, गिर्यारोहकांना विचारा. पण पुढची कडा गाठायला अंगात बळ हवं, आणि ते बळ येतं कसं? तर शेजारच्या खोलीतली एखादी जड वस्तू ढकलून किंवा दार उचकटून. ते केलं की लारा स्वतःशीच मोठ्याने म्हणते की आता मला ताकद आल्यासारखं वाटतंय.

भाचा हसून हसून लोळला. "मावशी, तू पण फ्रिज ढकलून बघ, पाठ राहील."

२२ जून, रविवार

लूव्र संग्रहालय आणि त्याखालचं थडगं पार केलं. पुढे प्राग. मध्येच लारा बाजूला आणि कर्टिस ट्रेंट नावाचा दुसराच नायक हातात येतो, जो चालतो लाराहूनही जड. वेड्यांच्या इस्पितळात त्याला घेऊन फिरताना मी दोनदा उठून चहा केला.

आज खेळताना गंमत वाटायची थांबली आणि कामावरचं आठवू लागलं. कारण ह्या खेळात जे दिसतं ते मी ओळखते. संवादांमध्ये उत्तरं निवडायची सोय आहे, पण निवडीने फारसं काही बदलत नाही. गल्लीतल्या माणसांशी बोलता येतं, त्यांच्या गोष्टी सुरू होतात आणि कुठेच जात नाहीत. लपूनछपून जायची वेगळी चाल आहे, पण वापरायची गरज जवळजवळ पडत नाही. ह्यातली एकेक गोष्ट म्हणजे कुणीतरी उत्साहाने सुरू केलेलं आणि तारखेच्या दिवशी तसंच टाकून दिलेलं काम. मी असे प्रकल्प बघितलेत. शेवटच्या आठवड्यात बग मिटवत नाहीत, त्याचं नाव बदलून 'पुढच्या आवृत्तीत' असं करतात.

हे बनवणारी कोअर डिझाइन ही इंग्लंडमधल्या डर्बी गावची कंपनी. १९९६ ते २००० दर वर्षी एक 'टूम रेडर', पाच वर्षांत पाच खेळ. चौथ्या भागाच्या शेवटी त्यांनी लाराला इजिप्तमधल्या दगडांखाली गाडलं, कारण तिला घडवणारी माणसंच थकली होती. तिचा मूळ चित्रकार टोबी गार्ड तर पहिल्या भागानंतरच निघून गेला होता. सहावा भाग नव्या प्लेस्टेशनवर, सगळं नव्याने उभारून, तीन खेळांच्या मालिकेचा पहिला खेळ म्हणून योजला होता. तारखा पुढे जात राहिल्या आणि जून २००३ मध्ये जो होता तसा तो बाजारात आला. त्याच उन्हाळ्यात अँजेलिना जोलीचा दुसरा लारा-चित्रपट आला, चालला नाही, आणि पॅरामाउंटने त्याचं खापर ह्या खेळावर फोडलं. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, जेरेमी हीथ-स्मिथ, बाहेर पडला. प्रकाशक आयडॉसने लारा डर्बीतून काढून कॅलिफोर्नियातल्या क्रिस्टल डायनॅमिक्सकडे दिली. २००६ मध्ये उरलेली कोअर रिबेलियन नावाच्या कंपनीला विकली गेली. त्या मालिकेतले उरलेले दोन खेळ झालेच नाहीत.

खेळ मोडका आहे, ह्यात वाद नाही. पण रात्री भांडी घासताना मी प्रागचाच विचार करत होते, हेही लिहून ठेवते.

२८ जून, शनिवार

पाचवा. 'क्रॉनिकल्स', नोव्हेंबर २०००.

लारा मेली असं सगळे धरून चालतात. तिच्या स्मारकापाशी जमून बटलर विन्स्टन, एक पाद्री आणि एक मित्र घरी बसतात आणि तिच्या आठवणी काढतात. प्रत्येक आठवण म्हणजे एक साहस: रोम, रशियन पाणबुडी, आयर्लंडचं बेट, न्यूयॉर्कची उंच इमारत. बाराव्याच्या जेवणाला जमलेल्या मंडळींनी गेलेल्या माणसाचे किस्से सांगावेत, तसं. रचना म्हणून बरी कल्पना. पण बाराव्याला निदान एखादा तरी किस्सा रंगतो.

रोममध्ये पहिल्या भागातले पियेर आणि लार्सन हे खलनायक परत येतात, आणि ते का आलेत हे त्यांनाही माहीत नसावं. नवीन काय, तर तारेवरून चालणं, आडव्या दांड्याला झोके घेणं आणि कपाटांचे खण उघडून बघणं. चार तास खेळले, एकदाही अडले नाही, एकदाही दचकले नाही. चौकोन जागच्या जागी आहेत, उड्या मोजून लागतात, लारा सांगितल्याबरोबर हलते. माझ्या तक्त्यावर सगळीकडे हिरव्या खुणा. बग लिहायला काही नाही.

भाचा मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता.

फक्त आयर्लंड वेगळा. त्यात लारा लहान मुलगी आहे, हातात पिस्तूल नाही, झाडाला टांगलेला सांगाडा बोलतो आणि घरात पिशाचं आहेत. मारता येत नाही, म्हणून पळावं लागतं. तेवढा वेळ भाच्याने मोबाइल खाली ठेवला.

२९ जून, रविवार

न्यूयॉर्कची इमारत. कानातल्या यंत्रातून एक मुलगा लाराला सूचना देतो. शेवटाला फॉन क्रॉयला इजिप्तमध्ये लाराची पाठपिशवी सापडते. संपलं. यादी लागली, भाचा गेला.

६ जुलै, आषाढी एकादशी

ताई आली. साबुदाण्याची खिचडी खाता खाता तिला निकाल वाचून दाखवला: शेवटून पहिला 'क्रॉनिकल्स', मग 'एंजल ऑफ डार्कनेस', मग तिसरा.

"पाचवा भाग होता?" ताईला माहीतच नव्हतं. तेव्हा ती सांगलीला इंजिनीयरिंगच्या होस्टेलवर. लारा चौथ्या भागात मेली आणि तिच्यापुरता विषय संपला. मग थोडं थांबून म्हणाली, "तू एकटीने खेळलीस ना तो, म्हणून नसेल आवडला."

हे मनाला लागलं, कारण खरं असू शकतं. टेस्टिंगमध्ये ह्याला परिस्थितीचा दोष म्हणतात, खेळाचा नव्हे. उपाय एकच, पुन्हा चालवून बघणं. बटणं जुन्यासारखी लावून घेतली. बाण तिच्याकडे, आल्ट आणि कंट्रोल माझ्याकडे. रोम, पहिल्यापासून. तिचा हात अजून तसाच आहे, कड्याशी येताना अर्धा चौकोन आधी थांबते. पहिल्या उडीला लारा पडली, "तू उशिरा दाबलंस" झालं, "तूच वाकडी वळवलीस" झालं. पाऊण तास बरा गेला.

मग ताईने बाण सोडले, पाठ टेकली आणि म्हणाली, "बाई गं, किती ते खण उघडायचे."

निकाल कायम. शेवटून पहिला 'क्रॉनिकल्स'. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी आयर्लंडचा भाग रात्री दिवे मालवून खेळावा, बाकीचा सोडून द्यावा. भाच्याला मिसळ द्यायची राहिली आहे.