तास सांग

"लंडन किती लांब गं?" मी पहिल्यांदा निघाले तेव्हा आईने विचारलं होतं. "सात हजार दोनशे किलोमीटर." "ते नको, तास सांग."

तर तास. मुंबईहून जाताना साधारण दहा, येताना नऊ. अंतर तेच, फरक वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना ते विमानाला अडवतात, येताना मागून ढकलतात. घड्याळाचं गणित मात्र उलटं. हिवाळ्यात लंडन साडेपाच तास मागे असतं. त्यामुळे दुपारी दोनला मुंबई सोडली तर तिथे संध्याकाळचे साडेसहाच वाजलेले असतात. येताना अख्खी रात्र हरवते.

गेल्या जानेवारीत आईला आयसीयूत हलवल्याचा फोन आला. घरी येताना वारा आपल्या पाठीशी असतो, हे मला किती आवडायचं! त्या दिवशी कळलं, वारा वाचवतो फक्त एक तास. तिकीट मिळेपर्यंतचे, विमानतळावरच्या रांगांचे, मुंबईत उतरून ठाण्यातलं हॉस्पिटल गाठण्याचे तास कोणी मोजतच नाही. फोन ठेवल्यापासून आईचा हात हातात घेईपर्यंत बावीस तास गेले होते.

आई शुद्धीवर होती. हळूच म्हणाली, "किती तास लागले?"

"नऊ," मी म्हटलं.

असो. आई आता घरी आहे, बरी आहे. हल्ली तास विचारत नाही. "कधी येतेस?" एवढंच विचारते.