मुख्यालयी राहणार का?

बदली रद्द करून मिळण्याच्या अर्जांत आई नेहमी आजारी असते. वनखात्याच्या आस्थापना शाखेत माझी उभी नोकरी गेली. असे अर्ज इतके वाचले, की पहिल्या दोन ओळींतच कळायचं, आई खरंच आजारी आहे की गाव नकाशावर लांब दिसतंय. आई खरी आजारी असेल तर अर्ज आखूड असतो, सोबत दवाखान्याचे कागद असतात आणि हवं ते ठिकाण नेमकं लिहिलेलं असतं. नुसती धास्ती असेल तर अर्ज दोन पानी. नक्षलवाद, मलेरिया, मुलांचं शिक्षण, सौभाग्यवतींची प्रकृती, सगळं त्यात येतं. आणि शेवटी ‘जिल्ह्यात कोठेही चालेल’, म्हणजे जिल्ह्याच्या गावी.

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधचं नाव या अर्जांत हटकून यायचं. हेच गाव पाहायला लोक पुण्यामुंबईहून पैसे खर्चून येतात, तलावावर फोटो काढतात, ‘इथंच राहावंसं वाटतं’ म्हणतात. तिथंच राहण्याचा सरकारी हुकूम आला की मात्र आई आजारी पडते.

निवृत्त झाल्यापासून अर्जांऐवजी माणसं येतात. यंदाच्या मे महिन्यात शेजारची मुलगी वडिलांना घेऊन आली. वनपरिक्षेत्र अधिकारी म्हणून तिची त्या भागात पदस्थापना झालेली. वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला होता, “भाऊ, तिकडे पगार वाढून मिळते म्हणतात, खरं का?”

खरं आहे, पण अर्धंच. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना एकस्तर वरची वेतनश्रेणी द्यायचा शासन निर्णय ६ ऑगस्ट २००२चा. त्याला आम्ही ‘एकस्तर’ एवढंच म्हणायचो. हा लाभ त्या भागात काम करत असेपर्यंतच असतो, हे आदेश हातात असताना कुणी वाचत नाही. तीन वर्षांनी माणूस नागपूरला परत येतो, वेतननिश्चिती होते, मूळ वेतन खाली सरकतं, आणि तोवर वाढीव पगारावर घराचा हप्ता बसवून झालेला असतो. अशा प्रकरणांची बिलं करताना समोरच्याचा चेहरा बघवत नसे. एकस्तरच्या पैशावर हप्ता बांधू नका, हे मी पहिल्यांदा सांगतो. बदली कायद्याप्रमाणे, म्हणजे २००५च्या अधिनियमाप्रमाणे, सर्वसाधारण कार्यकाळ ३ वर्षांचा धरलेला आहे. हिशेब करायचा तर तेवढ्याच मुदतीचा करावा.

पगार, भत्ता, पदग्रहण अवधी या गोष्टी कुणीही कारकून सांगेल. मी विचारतो तो प्रश्न वेगळा असतो: मुख्यालयी राहणार का?

मुख्यालयी राहण्याची अट सगळ्यांना असते. पण तलाठी असो, मास्तर असो, दवाखान्यातला माणूस असो, जाणं किंवा नाकारणं सोडून आपल्याकडे एक तिसरी सोय निघाली आहे, अप-डाउन. बिऱ्हाड गोंदियात किंवा साकोलीत, हजेरी नवेगावला. गोंदिया साठ-पासष्ट किलोमीटर. कोहमाऱ्यापर्यंत रस्ता महामार्गाच्या गर्दीचा, पुढे जंगलाचा. सकाळी साडेसातला डबा भरून निघायचं, संध्याकाळी पाचपासून घड्याळ बघायचं. नावाला बदली झालेली असते, पण माणूस ना त्या गावचा होतो ना या गावचा. घरी अंधार पडल्यावर पोहोचतो, म्हणून मुलांच्या शिक्षणासाठी शहरात राहिलो ही सबबही उरत नाही. माझ्या पाहण्यात सगळ्यांत जास्त वैतागलेली माणसं हीच. नकार देऊन बसलेले एकवेळ समाधानी असतात आणि बिऱ्हाड घेऊन गेलेलेही. मधल्यांचं मात्र कंबरडं जातं, तेही अक्षरशः. मणक्याच्या तक्रारीची वैद्यकीय बिलं माझ्याच टेबलावरून जायची.

ज्याला जोडीदाराची नोकरी सोडवत नाही, घरात डायलिसिसचा रुग्ण आहे, त्यानं जाऊ नये. सरळ अर्ज करावा, त्यात लाज कसली? गोंदियात २०१६पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, पण रात्री दोन वाजता पासष्ट किलोमीटर हे पासष्ट किलोमीटरच असतात.

जे जाऊ शकतात, त्यांच्यासाठी मारुती चितमपल्लींचा दाखला आमच्या खात्यात कायम दिला जातो, आणि बहुतेक वेळा चुकीच्या अर्थानं. पक्ष्यांचे साहेब, पुस्तकं लिहिली, पद्मश्री मिळाली, तेव्हा तूही जा. अरे, पण तो माणूस सोलापूरचा. १९३२चा जन्म, कोरड्या मुलखात वाढलेला, कोइमतूरला वनशास्त्र शिकलेला. त्याला धानाच्या बांध्या आणि झाडीपट्टीची बोली काय ठाऊक? नवेगावला त्यांनी केलं ते एवढंच, की साहेब असूनही शिकाऊ झाले. गावचे माधवराव पाटील डोंगरवार एकेकाळचे शिकारी, जंगल पायाखालचं. चितमपल्ली त्यांच्याबरोबर हिंडले, विचारत राहिले, लिहून ठेवत गेले. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक त्यातून आलं. पाच वाजता गोंदियाची गाडी गाठणाऱ्याला माधवराव पाटील भेटले नसते. अशी माणसं संध्याकाळनंतर बोलतात. पुस्तक सगळ्यांनी लिहावं असं नाही. पण संध्याकाळी ओसरीवर कुणाकडे बसता येईल, एवढं तरी नव्या माणसानं पहिल्या महिन्यात बघून ठेवावं. ऑफिसच्या बाहेरचं एक घर मिळालं की गाव निम्मं जिंकलं.

आणि हा मुलूख तर बाहेरून कामासाठी आलेल्यांनीच घडवलेला. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी घातला. सात बहिणी म्हणतात त्या टेकड्यांच्या मधल्या खिंडी अडवल्या आणि सुमारे ११ चौरस किलोमीटरचं पाणी उभं केलं. कोहळी मूळचे काशीकडचे. चांद्याच्या गोंड राजानं तलाव बांधायचं त्यांचं कसब पाहून त्यांना इकडे आणलं, अशी परंपरा आहे. ती खरी मानली तर याला बदलीच म्हणायचं, फक्त परतीचा अर्ज नव्हता. कोलू पाटलांचा तर पुढे कोलासूर देव झाला. याच तालुक्यात गोठणगावला १९७२च्या सुमारास तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली. हिमालयातली माणसं विदर्भाच्या उन्हात मका आणि धान पिकवायला शिकली. आमचा वरिष्ठ लिपिक मात्र पंखा धड नाही म्हणून तीन महिन्यांत रजेवर.

उलटी गोष्टही इथलीच. राष्ट्रीय उद्यान १९७५ साली झालं, २०१३मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आला. उद्यानातली कालीमाती, कवलेवाडा, झंकारगोंदी ही गावं उठवून सौंदडजवळ वसवली. पुढे मागण्या पूर्ण होईनात म्हणून लोक जुन्या जागी परतून बसले. त्यांना जाऊ का नको, असं कुणी आस्थापना शाखेत येऊन विचारायची सोय नव्हती. साहेबलोक बदलीच्या नावानं गळा काढतात तेव्हा मला हे आठवतं.

मुलगी हे सगळं वहीत लिहून घेत होती. मी तिला म्हटलं, रुजू व्हायच्या आधी एकदा जाऊन ये, पण बघितलेल्यावर विश्वास ठेवू नको. बदल्या कायद्यानं एप्रिल-मेमध्ये होतात, म्हणजे गाव सगळ्यांत वाईट दिसतं तेव्हा. तलाव मागे हटलेला, धुऱ्याधुऱ्यावर धूळ, तेंदूपत्त्याची धावपळ, रात्री वणव्याचे फोन. त्या पंधरवड्यात कुणालाही आईची प्रकृती आठवेल. दिवाळीनंतर ये म्हणावं तर आदेश तेवढा थांबत नाही. नोव्हेंबरात धान कापणीला आलेलं असतं, गावोगाव मंडई भरते, रात्रभर झाडीपट्टीची नाटकं चालतात, थंडीत पाण्यावर पाहुणे पक्षी उतरतात. पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत विनंती बदलीचा कागद हातात घ्यायचा नाही, एवढं पथ्य पाळ. आणि दोन्ही वेळा भात खायची सवय कर, पोळीच्या नावानं रुसू नको. लाखोरीच्या डाळीचं वरण बरं लागतं.

“पण क्वार्टर?” वडील म्हणाले. क्वार्टरची गोष्ट अशी, की आधीचा अधिकारी बदलून गेला तरी मुलाच्या परीक्षेमुळे सामान ठेवून होता. ते पत्रानं सुटणारं काम आहे, सुटतं. वडिलांच्या मनात वेगळंच होतं. गोंदियात त्यांच्या साडूचा वरचा मजला रिकामा होता. “सुरक्षित आहे, भाऊ. गाडी लावून देऊ. पोरीच्या जातीला बरं पडेल.”

मी उत्तर द्यायच्या आधी तीच म्हणाली, “बाबा, रात्री बाराला वणवा लागला, तर मी काय गोंदियाहून निघू?”

वडील थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मला विचारलं, क्वार्टरला बोअरवेल आहे का.